दाबकेकाकांचा वाफसा

दाबकेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा हात माझ्या तुळशीच्या कुंडीत होता. यांची मुंबईहून कलकत्त्याला बदली झाली होती आणि बेहालातल्या त्या दुमजली घरात आम्ही आदल्याच दिवशी उतरलो होतो. सामान अजून पोत्यांत होतं. सकाळी दार उघडते तर जिन्यापाशी पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ, डावा पाय काठीसारखा ताठ पुढे टाकून, वाकून उभे. त्यांनी कुंडीतली मूठभर माती उचलली, दाबली, मूठ उघडून तो गोळा नीट न्याहाळला आणि खाली सोडला. फरशीवर पच्चकन चिखल झाला.

"फार पाणी घालता," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "वाफसा येऊच देत नाही तुम्ही."

ओळख ना पाळख. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, तोंडाने तिखट होते, आणि दोन दिवसांच्या आगगाडीने डोकं उठलं होतं. "आणि ही फरशी कोण पुसणार?" मी म्हटलं.

"मी," ते म्हणाले, आणि खरोखरच खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून पुसू लागले. तोवर खालच्या मजल्यावरून आवाज आला, "अहो, लोकांच्या कुंड्या तरी सोडा!" त्या दाबकेकाकू. दहा मिनिटांत मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून पोहे खात होते. बंगालातला पहिला घास माझ्या पोटात गेला तो साताऱ्याच्या हातचा.

काका खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये होते. जहाजातून उतरलेल्या मालाची तपासणी करायची, किंमत ठरवायची, हे काम. अशाच एका खोक्याखाली त्यांचा गुडघा सापडला होता आणि तेव्हापासून तो वाकत नसे. पण स्वतःला ते कस्टम्सवाले समजतच नसत. "मी शेतकरी माणूस," असं ते बंगाली शेजाऱ्यांना, ट्रॅमच्या कंडक्टरला, कुणालाही सांगत. काकू लगेच म्हणत, "हो, गॅलरीतले." मूलबाळ नव्हतं. घरात दोनच माणसं आणि त्यांची अखंड कुरबुर, पण ती ऐकायला गोड वाटे.

वाफसा हा त्यांचा जपमंत्र होता. पावसानंतर जमीन फार ओलीही नाही आणि फार सुकीही नाही अशी होते, तेव्हा नांगर घालावा. ती वेळ म्हणजे वाफसा. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, टाकला तर फुटावा. पण काकांना वाफसा जगातल्या सगळ्याच गोष्टींना लागे. यांना साहेबांकडे रजा मागायची असली की, "सुधाकर, आज नको. साहेबाला वाफसा येऊ दे." चहा गरम असला की वाफसा. माझी सासूबरोबर पत्रातून धुसफूस झाली तेव्हा मी चार पानी उत्तर लिहून तयार ठेवलं होतं. काका म्हणाले, "पोरी, ओल्यात नांगर घातला की ढेकळं उठतात. ती मग वर्षभर फुटत नाहीत. थांब जरा." मी थांबले. ते पत्र मी शेवटी चुलीत घातलं आणि सासूबाईंशी माझं पुढे चांगलं जमलं.

हा शब्द त्यांना कुठे चिकटला, ते मला काकूंनी सांगितलं. साताऱ्याजवळ त्यांची वडिलार्जित जमीन होती. वडील शाळामास्तर, जमीन कुळाकडे असायची, वर्षाला धान्य यायचं. कुळकायदा आला. आम्ही स्वतः कसतो, असं वडिलांनी कचेरीत सांगितलं. ते खरं नव्हतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुळाच्या वकिलाने भर कचेरीत विचारलं, "मास्तर, वाफसा म्हणजे काय ते सांगा बरं." मास्तरांनी पुस्तकातलं काहीतरी सांगितलं आणि कचेरी हसली. जमीन गेली. न्यायाने गेली, असंच मी म्हणेन, आणि काकाही तसंच म्हणत. पण घरी आल्यावर मास्तर अंथरुणाला लागले ते उठले नाहीत. काका तेव्हा मागच्या बाकावर बसलेले होते, त्यांनी ते हसणं ऐकलं होतं.

"तेव्हापासून हा माणूस माती दाबतोय," काकू म्हणाल्या.

म्हणून निवृत्तीला थोडी वर्षं उरली तेव्हा काकांनी जोक्याच्या पुढे, बस जिथे संपते तिथून बरंच आत, जमिनीचा एक तुकडा घेतला, याचं आम्हाला आश्चर्य वाटलं नाही. काकूंना मात्र साताऱ्याला परत जायचं होतं. "म्हातारपणी आपल्या भाषेत आजारी पडावं माणसाने," त्या म्हणायच्या. "डॉक्टरला 'कळ येते' म्हटलं तर कळली पाहिजे." काका ऐकेनात. माघ महिन्यात ते आम्हा सगळ्यांना जमीन दाखवायला घेऊन गेले. भात कापून झालेलं, कोवळं ऊन, दूरवर ताडाची झाडं. काका शेताच्या मधोमध गेले, माती उचलली, दाबली, सोडली. गोळा फुटून भुगा झाला. मागे वळून त्यांनी काकूंकडे पाहिलं. तो चेहरा माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला एवढा आनंद झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

त्या शेतात निमाई मंडल नावाचा एक माणूस बटाईने भात लावत असे. काळाकभिन्न, शांत, कानावर विडी. जमीन विकली गेली तरी आपण कसत राहू, असं तो धरून चालला होता. काकांनी त्याला तिथेच सांगितलं की पुढल्या वर्षापासून नको. "मी स्वतः कसणार. मला कूळ नको. एका बांधाला नको, एका सरीला नको." त्यांच्या मोडक्या बंगालीतलं हे निमाईला कितपत कळलं कोण जाणे, पण 'नको' कळलं. त्याने कानावरची विडी काढली, पुन्हा ठेवली आणि गेला. मला ते आवडलं नाही. परतीच्या बसमध्ये मी यांना तसं म्हटलंही. हे म्हणाले, "त्यांच्या जागी तू असतीस तर?" एका माणसाची भीती दुसऱ्याच्या पोटावर आली होती, एवढं खरं.

आता स्वतः कसायचं म्हणजे ताठ पायाचा माणूस बैलांमागे कसा चालणार? तेव्हा ट्रॅक्टर. बेहालातच एका सरदारजींचं गॅरेज होतं. चहामळ्यांतून, सरकारी फार्मांतून निघालेली जुनी यंत्रं ते दुरुस्त करून विकत. एका रविवारी आम्ही चौघं तिथे गेलो. काका कोरा सदरा घालून, केस चापून निघाले होते. काकू मला कानात म्हणाल्या, "मला बघायला आले होते तेव्हा एवढे नटले नव्हते."

सरदारजींनी तीन यंत्रं दाखवली. एक जपानी, दोन चाकांचं, मागे चालत दांडे धरून हाकायचं. इथल्या छोट्या शेतांना हेच बरं, ते म्हणाले. पण मागे चालायचं म्हणजे तिथेच संपलं. दुसरा एक करडा, लहानखुरा ट्रॅक्टर, हलका, जरा खोकणारा. तिसरा चहामळ्यातला लाल, अवजड डिझेलचा, मागची चाकं माझ्या खांद्याएवढी. काका करड्यावर चढून बसले आणि लगेच उतरले.

"याच्यात दम नाही," ते म्हणाले. "आमच्याकडच्या काळ्या मातीत हा वीतभरही आत जायचा नाही."

"पर साहब, यहाँ काली मिट्टी कहाँ है?" सरदारजींनी विचारलं. "यहाँ तो कीचड़ में जोतते हैं. ये लाल वाला भारी है, धँसेगा. और इसका क्लच देख लो, बहुत सख़्त है."

काका लाल ट्रॅक्टरवर चढले. ताठ डावा पाय हाताने उचलून त्यांनी क्लचवर ठेवला आणि अख्ख्या अंगाचा भार देऊन दाबला. दबला. कपाळावर घाम आला, पण दबला. "सवय होईल," ते म्हणाले. "आणि चिखलात मी घालणारच नाही. मी वाफशावर नांगरणार. माती मी बघितली आहे, सरदारजी. माझ्या या हातांनी बघितली आहे."

काकू म्हणाल्या, "अहो, तो करडा बरा दिसतो. लहान आहे. आपल्याला झेपेल."

"तू बैल निवडते आहेस की मांजर?" काका म्हणाले, आणि सगळे हसलो. मीही हसले. लाल ट्रॅक्टर ठरला. फंडातले पैसे त्यात गेले. साताऱ्याला परतायचं त्या दिवशी संपलं, हे काकूंना तिथेच कळलं असणार, कारण घरी येईपर्यंत त्या आमच्या दहा पावलं पुढे चालत होत्या. रात्री मात्र त्यांनी शिरा केला आणि वर पाठवला.

चैत्रात, वळवाची एखादी सर पडून वाफसा आला की नांगरायचं असा काकांचा बेत होता. पण इंजिनाचा एक भाग मोडका निघाला. नवा परदेशातून मागवावा लागला, तो आलाही, आणि खिदिरपूरच्या गोदीत संप झाला. जहाज नदीत उभं. काका रोज कचेरीच्या खिडकीतून ते जहाज बघत. "माझाच माल, माझ्याच गोदीत, आणि मलाच मिळत नाही," असं म्हणून हसायचे, पण हसण्यात जीव नसायचा. ट्रॅक्टर शेतावर पोचला तेव्हा आषाढ लागला होता.

आणि मग ते थांबले. शब्दाचा पक्का माणूस. दर रविवारी जायचे, गुडघाभर पाण्यात हात घालून माती काढायचे, दाबायचे. बोटांमधून राबडी गळायची. "अजून नाही," म्हणायचे. आजूबाजूला सगळ्यांनी त्या पाण्यातच बैल घातले, चिखल केला, रोपं लावली. चौफेर हिरवं आणि मधोमध काकांचं शेत तेवढं उघडं, आभाळ दिसणाऱ्या पाण्याचं. ट्रॅक्टर बांधाशेजारच्या उंचवट्यावर, ताडपत्रीखाली. गावातली पोरं हसायची. मराठी माणूस म्हटला की तिकडे लोकांना बर्गी, म्हणजे बंगाल लुटणारे मराठे घोडेस्वार, आठवतात. बागबाजारला आपल्या लोकांच्या भीतीनेच त्यांनी पूर्वी खंदक खणला होता ना! पोरांनी काकांचं नाव 'बर्गीबाबू' ठेवलं होतं. काकांना त्याचं काही वाटत नसे. पण हसण्याचा आवाज आला की त्यांची मान ताठ व्हायची, ते मी पाहिलं आहे.

ती वर्षंच वाईट होती. बेहालात संध्याकाळी सात वाजता दारं लागत. भिंतींवर लाल अक्षरं, गल्लीत पळणारी पावलं, सकाळी कुणाचा तरी मुलगा नाहीसा. खेड्यांतून बातम्या यायच्या की पडीक शेतांवर लोक लाल निशाणं लावून ती ताब्यात घेताहेत, नांगर घालताहेत. श्रावणातल्या एका संध्याकाळी निमाई मंडल काकांकडे आला, मी तिथेच होते. काकूंनी त्याला पाटावर बसवलं, मुरमुरे दिले. तो धमकी द्यायला आला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तो थकल्यासारखा दिसत होता.

"जोमी फेले राखबेन ना, बाबू," तो म्हणाला. जमीन अशी टाकून ठेवू नका. येत्या सोमवारी गावातले लोक पडीक शेतांवर निशाणं लावणार होते. काकांच्या शेतात भात उभं असतं तर कुणी हात लावला नसता. "मला लावू द्या. दोन दिवसांत लावतो. नाहीतर मी कुणाला अडवू शकणार नाही."

"तू लावलंस म्हणजे तू कसलंस," काका म्हणाले. "मग मी कोण?"

निमाईने मुरमुरे तसेच ठेवले आणि उठला. काकू दाराशी जाऊन त्याला काहीतरी म्हणाल्या. काका खुर्चीत बसून राहिले. मग मला म्हणाले, "पोरी, इथे वाफसा येतच नाही का ग?" मी बँकेतल्या माणसाची बायको, मला काय कळणार! मी म्हटलं, "येईल हो काका, पाऊस ओसरला की येईल."

"तोवर सोमवार होऊन जाईल," ते म्हणाले.

रविवारी ते गेले. हे बरोबर गेले, एकटं जाऊ देणं बरं वाटेना म्हणून. पुढचं यांनी मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी नाही. काकांनी त्या दिवशी माती उचलून बघितलीच नाही. सरळ ताडपत्री काढली आणि ट्रॅक्टर पाण्यात घातला. थोडा गेला, आणि मागची चाकं खोल बसली. बांधावर माणसं जमली. निमाई पुढे आला. बैल आणतो, दोर आणतो, सगळे मिळून ओढतो, म्हणाला. माणसं धोतरं खोचून तयारही झाली. काका वरून ओरडले, "कुणी हात लावायचा नाही! आज हात लावाल, उद्या आम्ही कसलं म्हणून उभे राहाल!" यांनीही विनवलं. काकांना ऐकूच येत नव्हतं, हे म्हणाले. ते त्या बांधावरच्या माणसांशी बोलतच नव्हते.

गोदीत लॉरी चिखलात रुतली की चाकाला फळी बांधून काढतात, ते त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. तसाच त्यांनी खजुराचा एक ओंडका मागच्या दोन्ही चाकांना आडवा बांधला, स्वतः, त्या पायाने, चिखलात लोळून. मग वर चढले. सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं आणि इंजिनाचा सगळा जोर सोडला. ओंडका चिखलात घट्ट बसला, चाकं फिरेनात, तेव्हा त्या जोराने ट्रॅक्टरचं तोंडच वर उठलं. अशा वेळी क्षणात क्लच दाबावा लागतो म्हणे. काकांनी दोन्ही हातांनी तो पाय उचललेला यांनी पाहिला. ट्रॅक्टर मागे उलटला.

ज्या माणसांना त्यांनी हात लावू दिला नव्हता, त्यांनीच त्यांना हातांनी उकरून काढलं. निमाई सगळ्यांत खाली होता. काकांना घेऊन तो ठेल्यावर जोक्यापर्यंत आला आणि तिथून बेहालापर्यंतही. काकूंपुढे उभा राहिला तेव्हा त्याच्या अंगावर वाळलेला चिखल होता. काकू रडल्या नाहीत. त्यांनी आधी काकांचे हात धुतले. नखांतली माती काडीने काढत बसल्या. मला राहवेना, मी म्हटलं, "काकू, पुरे." त्या म्हणाल्या, "थांब. सगळी निघाली का बघ."

मला तेव्हा त्या मेलेल्या माणसाचा इतका राग आला होता की त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला मी पुढे झाले नाही. आम्हाला सगळ्यांना थांबायला शिकवलं आणि स्वतः थांबले नाहीत! पण रागाला तरी काय अर्थ? थांबले असते तर जमीन गेली असती, आणि जमिनीबरोबर मास्तरांचा मुलगा पुन्हा त्या मागच्या बाकावर जाऊन बसला असता.

तिसऱ्या दिवशी काकूंनी यांना निमाईकडे पाठवलं. "त्याला सांगा, लाव म्हणावं भात."

"काकू, कूळ लागेल," हे म्हणाले.

"लागू दे कूळ," काकू म्हणाल्या. "कुणीतरी लागू दे त्या जमिनीला."

सोमवारी त्या शेतावर निशाण लागलंच नव्हतं. कुणाला धीर झाला नाही. उशिरा का होईना, निमाईने रोपं लावली. उलटा ट्रॅक्टर त्या चिखलातून हलवणं कुणाला शक्य नव्हतं, म्हणून त्याच्या भोवतीने लावली. भाद्रपदात आम्ही गेलो तेव्हा हिरव्या भातात चार चाकं आभाळाकडे करून तो पडलेला होता आणि एका चाकावर बगळा बसला होता. काकूंनी पदर डोळ्यांना लावला तो तेव्हा, पहिल्यांदा.

पौषात भात कापून झालं आणि निमाईचा निरोप आला की आता ट्रॅक्टर काढता येईल. सरदारजी साखळ्या आणि आणखी एक ट्रॅक्टर घेऊन आले. नेमका तोच करडा. खोकत खोकत शेतात शिरला आणि कुठेही रुतला नाही. लाल धूड सरळ करून बांधाबाहेर न्यायला त्यांना फार वेळ लागला नाही. सरदारजींनी पगडीची सैल झालेली पट्टी खोचली आणि काकूंना म्हणाले, "माफ़ करना, बहनजी." काकू म्हणाल्या, "तुमने तो बोला था."

मग त्या शेतात उतरल्या. चप्पल बांधावर काढली. ट्रॅक्टर जिथे पडला होता तिथे एक खड्डा उरला होता, त्याच्या काठाशी बसल्या. काका हयात असताना त्यांनी या खुळाला एकदाही हात लावला नव्हता. आता त्यांनी मूठभर माती घेतली आणि दाबली. मूठ उघडली. गोळा छान वळला होता, बोटांचे ठसे त्यावर उमटले होते. त्यांनी तो सोडला, आणि तो खाली पडून भुगा झाला.

काकूंनी मान वर केली आणि बांधाकडे, जिथे आम्ही उभे होतो तिथे, पण आमच्याकडे नव्हे, पाहून घरातल्यासारख्या सहज म्हणाल्या, "अहो, आला बघा वाफसा."